नादारीचा हुकूम आणि नोंदवहीतील नाव : इचलकरंजीतील एका सीएचे प्रकरण

कर्जापोटी नादार, म्हणजे देणी फेडण्यास असमर्थ असे न्यायालयाने ठरवल्यामुळे ज्याचे नाव सीएंच्या नोंदवहीतून गेले आणि पुढे परत आले अशा एका सीएचा हा अभ्यास आहे. त्यातील सीए, त्यांचे बंधू, भागीदार आणि धनको ही सर्व माणसे कल्पित आहेत आणि त्यांच्या नावावर मांडलेले आकडे केवळ हिशेब समजावा म्हणून घेतलेले आहेत. कायदे, कलमे, न्यायालयांची अधिकारिता आणि इचलकरंजीच्या यंत्रमाग धंद्यावर त्या वर्षांत आलेले प्रसंग मात्र खरे आहेत. ज्यांच्यावर अशी वेळ येते ते नावानिशी काही सांगत नाहीत आणि सहव्यावसायिक चारचौघांत त्याविषयी बोलत नाहीत, म्हणून ही पद्धत पत्करावी लागली.

कर्ज कसे झाले

प्रकरणातील सीए तीन भागीदारांच्या फर्ममध्ये वीस वर्षांहून अधिक काळ प्रॅक्टिस करीत होते. आयकराचे टॅक्स ऑडिट, दोन दूध संस्था, एक पतसंस्था, काही सायझिंगचे (सुताला खळ देणारे) कारखाने आणि बाजारपेठेतील व्यापाऱ्यांचे जीएसटी असा त्यांचा कामाचा पसारा होता. त्यांच्या थोरल्या बंधूंचा यंत्रमागाचा कारखाना होता आणि तो एकल मालकीचा होता, ही बाब वाचकांनी येथेच लक्षात ठेवावी, कारण पुढे कोणता कायदा लागू होतो हे तिच्यावर ठरले. २०१५ साली बंधूंनी साधे माग मोडीत काढून रॅपिअर माग बसवण्यासाठी एका सहकारी बँकेकडून कर्ज घेतले आणि सीए त्याला जामीन राहिले. घरातलाच सीए जामीनदार असल्यावर बँकेने प्रकल्प अहवालातील विक्रीचे अंदाज फारसे खोदून पाहिले नाहीत, आणि तो अहवालही जामीनदारानेच तयार केलेला होता.

नोव्हेंबर २०१६ मधील नोटाबंदीने आठवड्याच्या रोख पगारावर चालणारे माग आधी थांबवले, जुलै २०१७ मध्ये आलेल्या जीएसटीने उधारीवरच्या कापड व्यापाराची साखळी काही काळ विस्कळीत केली, ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेचे पाणी कारखान्याच्या शेडमध्ये शिरले आणि मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली. बंधूंचे कर्जखाते २०१९ च्या अखेरीस एनपीए, म्हणजे थकीत, ठरले. बँकेने पुढे सरफेसी कायद्याखाली, म्हणजे तारण न्यायालयात न जाता विकण्याचा अधिकार बँकांना देणाऱ्या कायद्याखाली, शेड आणि माग ताब्यात घेऊन विकले. १ कोटी ६२ लाख रुपयांच्या मागणीपैकी त्यातून ७१ लाख वसूल झाले आणि ९१ लाख रुपये उरले.

जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते, हे भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १२८ मध्ये एका वाक्यात सांगितलेले आहे. सामान्य माणूस ‘आधी भावाला विचारा, मग मला’ असे म्हणतो. सीएला तसे म्हणण्याची सोय नसते, कारण हेच कलम त्याने कित्येक अशिलांना समजावून सांगितलेले असते. बँकेचे हप्ते काही महिने तरी चालू राहावेत म्हणून त्यांनी एका पतसंस्थेकडून १२ लाख आणि एका वित्त कंपनीकडून ८ लाख रुपये वैयक्तिक कर्ज घेतले, शिवाय पाच परिचितांकडून मिळून ११ लाख रुपये हातउसने घेतले. कर्ज फेडण्यासाठी कर्ज काढणे हा निर्णय माझ्या मते या प्रकरणातील पहिला खरा दोष आहे. जामीन राहणे हे भावाच्या नात्याने समजू शकते, मात्र बुडत्या खात्यात नवे ३१ लाख ओतताना समोर ताळेबंद ठेवून विचार व्हायला हवा होता, आणि तो ताळेबंद मांडण्याची विद्या ज्याच्याकडे होती त्यानेच तो मांडला नाही.

अशिलांचे ३ लाख ४० हजार

पतसंस्थेने महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम १०१ खाली वसुलीचा दाखला मिळवला आणि मार्च २०२१ च्या दुसऱ्या आठवड्यात वसुली अधिकाऱ्याने सीएंचे चालू खाते जप्त केले. त्या खात्यात त्या दिवशी जी शिल्लक होती तिच्यापैकी ३ लाख ४० हजार रुपये चार अशिलांचे होते. १५ मार्चचा अग्रिम कराचा हप्ता आणि त्या महिन्याचा जीएसटी भरण्यासाठी ते पैसे अशिलांनी त्यांच्या खात्यावर पाठवले होते. गावोगावच्या प्रॅक्टिसमध्ये ही रीत जुनी आहे. अशील म्हणतो, ‘तुम्हीच भरून टाका, साहेब,’ आणि साहेब चलन काढून भरून टाकतात. त्यात लबाडी नसते, परंतु चार्टर्ड अकौंटंट्स अधिनियम, १९४९ च्या दुसऱ्या अनुसूचीतील पहिल्या भागाचे दहावे कलम स्पष्ट आहे. फी आणि खर्चासाठीची रक्कम सोडून अशिलाचे पैसे वेगळ्या बँक खात्यात ठेवले पाहिजेत आणि ज्या कामासाठी दिले त्या कामी वाजवी वेळेत वापरले पाहिजेत. ते ठेवले नाहीत तर तो व्यावसायिक गैरवर्तनाचा प्रकार ठरतो.

एरवी कोणाच्या लक्षात न येणारी ही सवय जप्तीच्या दिवशी उघडी पडली. सीएंनी त्या चौघांना त्याच संध्याकाळी बोलावून घडले ते सांगितले. त्यांच्या पत्नीने स्वतःच्या पाटल्या आणि मंगळसूत्राची वाटी सोडून उरलेले सोने विकले आणि तीन दिवसांत चौघांचे पैसे थेट त्यांच्या खात्यावर जमा केले. त्यांपैकी दोघांना उशिराचे व्याज भरावे लागले, तेही तिनेच दिले.

येथे एक बारकावा आहे आणि त्याचा पुढे फार उपयोग झाला. सीएंनी स्वतःच्या मिळकतीतून या चौघांना आधी फेडले असते आणि तीन महिन्यांच्या आत नादारीचा अर्ज झाला असता, तर ‘काही धनकोंना दिलेले अवाजवी झुकते माप’ म्हणून ते व्यवहार प्रांतिक नादारी अधिनियम, १९२० च्या कलम ५४ खाली आव्हानाला पात्र ठरू शकले असते. पत्नीचे स्त्रीधन हे पतीची मिळकत नव्हे, त्यामुळे तो प्रश्नच उद्भवला नाही. वकिलाचा सल्ला घेऊन हे केले गेले नव्हते, लाजेपोटी केले गेले होते.

अर्ज, आणि तो वाचताना जे पाहिले गेले नाही

पतसंस्थेची माणसे कार्यालयात येऊन बसू लागली, वित्त कंपनीचे वसुली प्रतिनिधी भागीदारांना फोन करू लागले, तेव्हा एका वकिलांनी नादारीचा अर्ज करण्याचा सल्ला दिला. कायद्याच्या दृष्टीने तो सल्ला चुकीचा नव्हता. १९२० च्या अधिनियमातील कलम १० खाली ५०० रुपयांचे किंवा त्याहून अधिक कर्ज असलेला आणि ते फेडू न शकणारा ऋणको स्वतः अर्ज करू शकतो. नादार ठरवणारा हुकूम झाला की त्याची मिळकत न्यायालयाकडे किंवा ती सांभाळण्यासाठी न्यायालयाने नेमलेल्या रिसिव्हरकडे जाते आणि न्यायालयाच्या परवानगीवाचून कोणत्याही विनातारण धनकोला त्याच्याविरुद्ध दावा किंवा वसुली चालवता येत नाही. ज्याला रोज दारात माणसे उभी दिसतात त्याला हा आडोसा फार मोठा वाटतो. अर्ज जून २०२१ मध्ये दाखल झाला आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये हुकूम झाला.

मधल्या आठ महिन्यांत कोणीही चार्टर्ड अकौंटंट्स अधिनियमाचे कलम ८ उघडून पाहिले नाही. सीएंच्या संस्थेच्या (आयसीएआय) सदस्यांच्या नोंदवहीत कोणाचे नाव असू शकत नाही याची यादी त्या कलमात आहे. वेडसर ठरवलेली व्यक्ती, नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात शिक्षा झालेली व्यक्ती आणि त्यांच्याच ओळीत अविमुक्त नादार, म्हणजे नादारीतून अजून मुक्त न झालेली व्यक्ती. त्यापुढच्याच खंडात असेही आहे की नादारीतून मुक्त झालेल्या व्यक्तीलाही नादारी केवळ दुर्दैवाने ओढवली आणि तीत तिचे कोणतेही गैरवर्तन नव्हते, असे न्यायालयाचे प्रमाणपत्र मिळाल्याशिवाय नोंदवहीत स्थान नाही. कलम २० प्रमाणे एखादा सदस्य नंतर अशा अपात्रतेत आला तर त्याचे नाव काढण्याचा अधिकार संस्थेच्या परिषदेला आहे. कॉस्ट अकौंटंट आणि कंपनी सेक्रेटरी यांच्या कायद्यांतही याच धर्तीची तरतूद आहे.

म्हणजे सव्वा कोटीचे कर्ज डोक्यावर असताना हे गृहस्थ सीए होते, ऑडिट करू शकत होते, फी मिळवू शकत होते आणि त्या फीमधून धनकोंना काही देऊ शकत होते. ज्या दिवशी त्यांना वसुलीपासून संरक्षण मिळाले त्याच दिवशी मिळकतीचे साधन गेले. बँकेने किंवा पतसंस्थेने अर्ज केला असता तर निदान लढायला जागा होती. येथे अर्जदार ते स्वतःच होते. वकिलांना दोष देणे सोपे आहे, आणि सीएंनी पुढे तो दिलाही, परंतु स्वतःच्या सनदेच्या कायद्यातील आठवे कलम स्वतः वाचण्याची जबाबदारी दुसऱ्याची कशी होईल?

१९२० चा कायदा का, २०१६ चा का नाही

नादारी आणि दिवाळखोरी संहिता, २०१६ मध्ये व्यक्तींसाठी स्वतंत्र तिसरा भाग आहे, मात्र तो १ डिसेंबर २०१९ पासून फक्त कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक जामीन राहिलेल्यांपुरता लागू झाला. इतर व्यक्तींना आजही मुंबई शहरात १९०९ चा इलाखा शहरे नादारी अधिनियम आणि उर्वरित महाराष्ट्रात १९२० चा अधिनियम लागू आहे. बंधूंचा धंदा एकल मालकीचा होता, कंपनी नव्हती. म्हणून कोल्हापूर जिल्ह्यातील दिवाणी न्यायालय आणि शंभर वर्षांपूर्वीचा कायदा.

हाच कारखाना प्रायव्हेट लिमिटेड असता तर बँकेला संहितेच्या कलम ९५ खाली राष्ट्रीय कंपनी विधि न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठापुढे जावे लागले असते. या तरतुदी लागू करणारी अधिसूचना सर्वोच्च न्यायालयाने मे २०२१ मध्ये ललित कुमार जैन प्रकरणात आणि खुद्द तरतुदी ९ नोव्हेंबर २०२३ रोजी दिलीप जिवराजका प्रकरणात वैध ठरवल्या. सीएच्या दृष्टीने तेथे मोठा फरक आहे. संहितेत अर्ज दाखल होताच अंतरिम स्थगिती लागते, मग निराकरण व्यावसायिकाचा अहवाल, अर्जाचा स्वीकार, १८० दिवसांची स्थगिती आणि परतफेडीची योजना अशा पायऱ्या येतात. योजना फेटाळली गेली किंवा फसली तरच दिवाळखोरीच्या हुकमाचा प्रश्न उभा राहतो. म्हणजे वसुलीपासून आडोसा मिळतो आणि दिवाळखोर हा शिक्का बसण्यापूर्वी तडजोडीला पूर्ण एक टप्पा मिळतो. १९२० च्या कायद्यात ऋणकोच्या अर्जावर आधी शिक्का आणि मग तडजोड असा उलटा क्रम आहे.

संहितेची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. तिच्या कलम १३८ प्रमाणे मिळणाऱ्या मुक्तीच्या हुकमात ‘दुर्दैवाने, गैरवर्तनाविना’ अशा प्रमाणपत्राचा उल्लेख नाही. तो शब्दप्रयोग जुन्या नादारी कायद्यांच्या भाषेतला आहे. संहितेखाली मुक्त झालेल्या सीएने परिषदेपुढे कोणता कागद ठेवायचा, हा प्रश्न त्यामुळे उरतो.

हुकमानंतरचे दार

फेब्रुवारी २०२२ मधील हुकमानंतर एकामागून एक दारे कशी बंद झाली, ते थोडे तपशिलात पाहण्यासारखे आहे.

फर्ममधील भागीदारी त्याच दिवशी संपली. भारतीय भागीदारी अधिनियम, १९३२ च्या कलम ३४ प्रमाणे नादार ठरलेला भागीदार हुकमाच्या तारखेपासून भागीदार राहत नाही. तेवढ्यावर थांबत नाही. उलट करार नसेल तर कलम ४२ प्रमाणे सगळी फर्मच विसर्जित होते. या फर्मच्या भागीदारी पत्रकात एका भागीदाराच्या नादारीने फर्म मोडणार नाही असे एक वाक्य होते आणि त्या वाक्याने उरलेल्या दोघांची बँक शाखांची आणि संस्थांची ऑडिटे वाचवली. असे वाक्य आपल्या पत्रकात आहे का, हे किती फर्मनी पाहिले असेल याविषयी मला शंका आहे. सीएंच्या भांडवल खात्यावरची शिल्लक आणि येणे फी मिळून ६ लाख २० हजार रुपये भागीदारांनी रिसिव्हरकडे जमा केले. त्यांच्याकडे असलेल्या दोन आर्टिकल्सची (प्रशिक्षणार्थींची) नोंद दुसऱ्या भागीदाराकडे वर्ग झाली.

ऑडिट तर गेलेच. कंपनी कायद्याखालील लेखापरीक्षक आणि आयकर कायद्याखालील टॅक्स ऑडिट करणारा ‘अकौंटंट’ या दोघांनाही सर्टिफिकेट ऑफ प्रॅक्टिस लागते, आणि नोंदवहीतून नाव गेले की ते सर्टिफिकेट उरत नाही. त्यांचा पुढचा विचार असा होता की निदान अशिलांच्या वतीने आयकर अधिकाऱ्यांपुढे उभे राहता येईल. आयकर अधिनियम, १९६१ च्या कलम २८८ ने तोही मार्ग बंद केलेला होता, कारण नादार व्यक्ती नादारी चालू असेतोवर करदात्याचे प्रतिनिधित्व करू शकत नाही. मग जीएसटी. केंद्रीय वस्तू व सेवा कर अधिनियमाच्या कलम ११६ मध्ये प्राधिकृत प्रतिनिधीसाठी हीच अपात्रता आहे आणि जीएसटी प्रॅक्टिशनर म्हणून नोंदणी करण्यासाठीच्या नियम ८३ मध्येही अर्जदार नादार ठरलेला नसावा अशी अट आहे. सीए नाही तर निदान प्रॅक्टिशनर होऊ, असे म्हणणाऱ्याला ती अट ठाऊक नसते. एका लहान सल्लागार कंपनीत ते संचालक होते, ते पदही कंपनी कायद्याच्या कलम १६४ आणि १६७ मुळे सुटले. येथे एक फरक ध्यानात घेण्याजोगा आहे. संचालकाला नादारीचा अर्ज केवळ प्रलंबित असणेही अपात्र करते, तर सीएच्या नोंदवहीसाठी प्रत्यक्ष हुकूम व्हावा लागतो. म्हणजे जून २०२१ ते फेब्रुवारी २०२२ या काळात ते संचालक राहण्यास अपात्र असूनही सीए होते.

उरले काय? हिशेब लिहिणे. वह्या लिहायला, टॅली चालवायला कोणतीही सनद लागत नाही. सीएंनी जयसिंगपूरच्या एका व्यापाऱ्याकडे पगारावर हिशेबनिसाचे काम धरले. व्हिजिटिंग कार्डावर, फलकावर, व्हॉट्सॲपवरही नावामागे ‘सीए’ लावणे त्यांनी बंद केले, कारण सदस्य नसताना तसे भासवणे हा कलम २४ खाली गुन्हा आहे. गावात मात्र लोक ‘सीए साहेब’ म्हणतच राहिले. त्याला ते तरी काय करणार?

एक गोष्ट त्यांनी निर्विवाद योग्य केली. हुकूम होताच त्यांनी संस्थेला स्वतः लेखी कळवले आणि सही करणे त्याच दिवशी थांबवले. परिषदेने नाव काढेपर्यंत नाव तांत्रिकदृष्ट्या नोंदवहीत असते, आणि त्या मधल्या आठवड्यांत दोन-चार अहवालांवर सही करून घ्यावी असा आग्रह जुन्या अशिलांनी धरला होता. तसे केले असते तर प्रत्येक सहीला युडीआयएनच्या, म्हणजे सहीच्या प्रत्येक कागदासाठी संस्थेच्या पोर्टलवर काढाव्या लागणाऱ्या क्रमांकाच्या, तारखेचा साक्षीदार राहिला असता.

मुक्ती की रद्दबातल

आता या प्रकरणाच्या गाभ्याकडे येतो. नादारीतून बाहेर पडण्याचे दोन रस्ते १९२० च्या कायद्यात आहेत, आणि सर्वसाधारण ऋणकोला त्यांतील फरक फारसा जाणवत नसला तरी सीएला तो सनदेच्या किमतीचा असतो.

पहिला रस्ता कलम ४१ खालील मुक्तीचा. रिसिव्हरकडे एकंदर २७ लाख ३० हजार रुपये जमा झाले होते. त्यात पत्नीबरोबर संयुक्त नावावर असलेल्या सदनिकेतील सीएंच्या निम्म्या हिश्श्याचे १९ लाख, फर्मकडून आलेली रक्कम आणि गाडीचे २ लाख १० हजार असे तीन घटक होते. देणी १ कोटी २२ लाखांची. म्हणजे रुपयाला बावीस पैसे. कलम ४२ सांगते की मिळकत विनातारण देण्यांच्या रुपयाला आठ आण्यांइतकीही भरत नसेल तर न्यायालयाने संपूर्ण मुक्ती नाकारली पाहिजे, अपवाद इतकाच की ही तूट ज्या परिस्थितीमुळे आली तिला ऋणको न्यायतः जबाबदार नव्हता असे त्याने पटवून द्यावे. त्याच कलमात नेहमीच्या वह्या न ठेवणे, फेडीची वाजवी आशा नसताना कर्ज घेणे आणि स्वतःच्या व्यवहारांकडे अक्षम्य दुर्लक्ष करणे ही कारणेही आहेत.

नोटाबंदी, पूर आणि टाळेबंदी यांना कोणीही गैरवर्तन म्हणणार नाही. ९१ लाखांच्या जामिनाचा भाग म्हणूनच सुरक्षित होता. अडचण होती ती ३१ लाखांची. २०२० साली, बंधूंचे खाते एनपीए झाल्यानंतर घेतलेल्या त्या कर्जाच्या वेळी फेडीची ‘वाजवी आशा’ कोठे होती, असा प्रश्न पतसंस्थेचा वकील उलटतपासणीत विचारणारच होता. किराणा दुकानदाराला तो विचारला तर भाबडेपणा हे उत्तर चालते. सीएच्या तोंडी ते उत्तर कोणाला पटेल? भरीला अशिलांच्या पैशांची जप्तीही नोंदीवर होती. मुक्ती कदाचित अटींसह मिळाली असती, परंतु ‘कोणतेही गैरवर्तन नव्हते’ हे प्रमाणपत्र मिळेल याची खात्री कोणीच देत नव्हते, आणि प्रमाणपत्राविना मिळालेली मुक्ती सीएला कर्जातून सोडवते, नोंदवहीबाहेर मात्र कायमचे उभे करते. प्रमाणपत्र नाकारल्यास कलम ७३ खाली अपील करता येते, तथापि अपिलाची वर्षे मोजायला वयाची पन्नाशी ओलांडलेली होती.

दुसरा रस्ता कलम ३८ आणि ३९ मधील तडजोडीचा. हजर असलेल्या धनकोंपैकी संख्येने बहुसंख्य आणि रकमेने तीन-चतुर्थांश धनकोंनी प्रस्ताव मान्य केला आणि न्यायालयाने तो मंजूर केला, तर नादार ठरवणारा मूळ हुकूमच रद्द होतो. मुक्तीत माणूस ‘नादारीतून सुटलेला’ राहतो. हुकूम रद्द झाला की तो ‘अविमुक्त नादार’ही नसतो आणि ‘मुक्त झालेला नादार’ही नसतो. कलम ८ मधील दोन्ही खंड या दोन वर्णनांवर उभे आहेत. माझ्या वाचनाप्रमाणे हुकूम रद्द झालेल्या सीएला दुर्दैवाच्या प्रमाणपत्राची गरज उरत नाही, आणि या प्रकरणातील नव्या वकिलांनी नेमका हाच मार्ग धरला.

त्यालाही अटी आहेतच. मुक्ती नाकारण्याजोगी कारणे सिद्ध झालेली असतील तर प्रस्तावात रुपयाला किमान सहा आण्यांची वाजवी हमी असल्याशिवाय न्यायालय तो मंजूर करू शकत नाही. सीएंनी रुपयाला पंचेचाळीस पैसे, म्हणजे सात आण्यांहून थोडे अधिक, देऊ केले. एकूण ५४ लाख ९० हजार. त्यांतील २७ लाख ३० हजार रिसिव्हरकडे होतेच, उरलेले २७ लाख ६० हजार पुण्यात नोकरी करणारा मुलगा आणि मेहुणे यांनी दोन हप्त्यांत भरण्याची लेखी हमी दिली.

सभेचे गणित पाहण्यासारखे होते. धनको आठ : बँक, पतसंस्था, वित्त कंपनी आणि पाच परिचित. बँकेचे ९१ लाख म्हणजे एकूण रकमेच्या चौऱ्याहत्तर टक्क्यांहून थोडे अधिक. तीन-चतुर्थांशाला जेमतेम अर्धा टक्का कमी! त्यामुळे बँकेच्या विरोधात प्रस्ताव मंजूर होणे शक्य नव्हते आणि एकट्या बँकेच्या होकारानेही तो मंजूर होत नव्हता. बँकेने एकरकमी तडजोडीच्या आपल्या धोरणाच्या चौकटीत होकार दिला, कारण तारण विकून झालेले होते आणि रिसिव्हरकडील वाटणीतून तिला वीस लाखांच्या आसपासच मिळणार होते, तर प्रस्तावातून ४० लाख ९५ हजार. वित्त कंपनीने विरोध केला. पतसंस्थेच्या संचालक मंडळात बराच वाद झाला. शेवटी होकार आला. पाच परिचितांपैकी चौघे अनुकूल होते, त्यांत जप्तीच्या वेळी ज्यांचे कराचे पैसे अडकले होते अशा चार अशिलांपैकी एकजण होता. त्याने हातउसने ३ लाख दिलेले होते. आपल्याला कराचे पैसे तिसऱ्या दिवशी परत मिळाले, एवढेच त्याने सभेत सांगितले. आठपैकी सहा, आणि रकमेने तीन-चतुर्थांशाच्या बरेच वर.

न्यायालयाने प्रस्ताव मंजूर करून मार्च २०२४ मध्ये मूळ हुकूम रद्द केला. हप्ता चुकल्यास कलम ४० खाली पुन्हा नादार ठरवण्याचा अधिकार न्यायालयाला राहतो, त्यामुळे दुसरा हप्ता भरला जाईपर्यंत सीएंनी संस्थेकडे अर्जच केला नाही. मला ही सावधगिरी पटते. एकदा परत आलेले नाव दुसऱ्यांदा काढले गेले असते तर त्यातून सावरणे कठीण होते.

परतल्यानंतर

अर्जासोबत हुकूम रद्द केल्याची प्रमाणित प्रत, दोन्ही हप्त्यांच्या पावत्या, चार अशिलांची पैसे मिळाल्याची पत्रे आणि युडीआयएन पोर्टलवरील त्यांच्या नोंदींची यादी जोडली होती. यादीतील शेवटची नोंद फेब्रुवारी २०२२ मधील हुकमाच्या आदल्या दिवसाची होती आणि त्यानंतर काहीही नव्हते. नाव परत आले, सर्टिफिकेट ऑफ प्रॅक्टिस नव्याने मिळाले.

फर्ममध्ये परत घेण्याचा विषय भागीदारांनी काढला नाही आणि सीएंनीही विचारला नाही. बँक शाखांच्या ऑडिटसाठी कर्जाची परतफेड थकलेली नसल्याचे द्यावे लागणारे जाहीरनामे आणि सिबिलमधील ‘सेटल्ड’ हा शब्द पाहता भागीदारांचा संकोच समजण्यासारखा आहे. पूर्वी त्यांच्याकडे असलेले पतसंस्थेचे ऑडिट दुसऱ्याकडे गेले होते, ते तिकडेच राहिले. अशिलांपैकी साधारण निम्मे परतले. त्यांच्या कराचे पैसे आता प्रत्येकजण स्वतःच्याच खात्यातून स्वतः भरतो. ‘तुम्हीच भरून टाका’ म्हणणाऱ्याला सीए समोर बसवून नेट बँकिंग शिकवतात.

परतल्यानंतरचा पहिला युडीआयएन त्यांनी एका विद्यार्थ्याच्या व्हिसासाठी त्याच्या वडिलांची मालमत्ता आणि देणी दाखवणाऱ्या नेट वर्थ प्रमाणपत्रासाठी काढला. देण्यांच्या रकान्यात वडिलांनी ‘काही नाही’ असे लिहून आणले होते. सीएंनी त्यांना विचारले, ‘तुम्ही कोणाला जामीन आहात का?’